रशियाची चिठ्ठी

"पेपरात 'मी रशिया' असं लिहिलंय, सर! 'मी रशिया. माझ्या दारापर्यंत दुसऱ्याची फौज येत असेल तर मी शांत कशी बसू?' पंधरा मार्कांच्या प्रश्नाला दोन मार्क मिळालेत पोरीला!"

"दोन तरी कायचे देल्ले?"

"अक्षराचे असतील! आणि तुम्हाला हसू येतंय?"

"हसून नाही राह्यलो, बाई. उत्तर चुकलं काय, तेवढं सांग."

"उत्तर नाही चुकलं. 'मी' चुकलंय!"

जानराव सरांनी झेरॉक्स डोळ्यांजवळ नेली. आयशाने अर्ज करून मिळवलेली उत्तरपत्रिकेची झेरॉक्स होती ती. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या त्या एका पेपरात पाच मार्क कमी पडले आणि साखरखेर्ड्याच्या आयशाची बी.ए. अडकली. आता पुरवणी परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. तीतही नापास झाली, तर अमरावतीला एम.ए.ची जागा मिळायची नाही.

समोर लोखंडी खुर्चीवर रेवती बसली होती. सर जिथे शिकवायचे त्या मेहकरच्याच कॉलेजात ती आता राज्यशास्त्राची विभागप्रमुख. याच सरांची विद्यार्थिनी, आणि आज सरांच्या ओसरीत आली होती ती सरांचा तास बंद झाला हे सांगायला.

"शनिवारचा तास यंदापासून नाही, सर. मी ठरवलंय."

सर झेरॉक्सवरून बोट फिरवत राहिले.

निवृत्तीला चौदा वर्षं झाली तरी शनिवारचा तास सरांनी सोडला नव्हता. जूनमध्ये चहापत्तीचा पत्र्याचा डबा वर्गात फिरायचा. त्यात चिठ्ठ्या. जो देश निघाला तो वर्षभर आपला. दर शनिवारी त्या देशाची बातमी कापून आणायची, वर्गातल्या नकाशाशेजारी कणकेच्या खळीने चिकटवायची आणि उभं राहून सांगायचं, "मी असं काऊन केलं." चांगलं-वाईट म्हणायचं नाही. फक्त काऊन, म्हणजे का. मुलगा घाम पुसत खाली बसला, की सर खडू उचलत. "आता तू जे बोलला ना, त्याले वास्तववाद म्हनते." आधी माणसाचं म्हणणं, मग त्याला शास्त्रातलं नाव, अशी त्यांची शिकवायची रीत.

रेवतीला इराक निघाला होता. तिच्याच वर्गातल्या सौमित्रला अमेरिका. दोन हजार दोनच्या जूनमध्ये दोघं एका डब्यात जेवत होते, जानेवारीपर्यंत बोलेनासे झाले. मेहकरात तेव्हा पेपर दुपारच्या गाडीने यायचा. स्टँडवर गठ्ठा सुटायच्या आत रेवती हजर. मार्चमध्ये इराकवर युद्ध लागलं आणि ती स्टँडवरच, उसाच्या रसवाल्याशेजारी, पेपर उघडून रडली. रसवाल्याने विचारलं, "कोन गेलं, ताई?"

सौमित्रने आता कृषी सेवा केंद्र टाकलंय. अजूनही जुनी पोरं रस्त्यावरून ओरडतात, "काय बे अमेरिका, युरिया आला का?" आणि तो आतून सांगतो, "समुद्रात जहाज अडकलं बे, मी काय करू!"

आठवणीने रेवतीच्या ओठांवर हसू आलं. ते तिने आवरलं.

"आमचे दिवस वेगळे होते, सर. आता पोरं नोट्स मागतात. 'सुरक्षेची कोंडी म्हणजे काय, व्याख्या द्या.' म्हणून तर फेब्रुवारीतच मी तुमच्या तासाची खोली नोट्सच्या बॅचला घेतली."

"घेतली. नकाशा गुंडाळून ठेवला तू. डबा?"

"आहे. माझ्या कपाटात."

"बरं," सर म्हणाले.

फाटक वाजलं. आयशा आली. एसटीच्या गर्दीत ओढणी चुरगळलेली, हातात दप्तर.

"मॅडम, तुम्ही बलावलं म्हनून आली. सर, तब्येत ठीक हाये ना?"

"माह्या तब्येतीले काय होते! बस."

रेवतीने झेरॉक्स तिच्यापुढे धरली. "अगं, 'रशियाला असुरक्षित वाटते' एवढं लिहिता येत नव्हतं? बाकीचे प्रश्न तर नीट लिहिलेस."

"तुमच्या नोट्स पाठ होत्या ना मॅडम. ते धडाधडा लिहिलं. ह्या प्रश्नाले हात लावला, अन् वर्गात उभी राह्यल्यासारखं झालं. कळलंच नाही. घंटा झाल्यावर वाचलं, तवा खोडाले वेळ नव्हता."

"पुन्हा तसंच झालं तर?"

"त्याचंच भेव वाटते." आयशाने मोबाइल काढला. पाठीमागचं कव्हर सोडवलं. आत चार घड्या घातलेली चिठ्ठी होती, घामाने पिवळी पडलेली. "सिनियर पोरी सांगत होत्या, शेवटच्या शनिवारी देश डब्यात परत टाका लागते. मंग पेपर सोपा जाते म्हने. आमचा तो शनिवार झालाच नाही."

दोन हजार तीनचा तो शेवटचा शनिवार रेवतीला आठवला. सगळ्यांच्या चिठ्ठ्या डब्यात पडल्या होत्या. रेवती मूठ उघडत नव्हती. वर्ग रिकामा झाला, शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला, तरी सर तिच्या बाकावर बसून होते. घाई केली नाही त्यांनी. बऱ्याच वेळाने म्हणाले होते, "टाक बाई आता. इराकसाठी तू लय बोलली. परवा पेपर तुले द्यायचा हाये, त्याले नाही." तिने चिठ्ठी टाकली होती, बाहेर सौमित्र सायकल धरून थांबला होता, आणि दोघं रसवाल्याकडे गेले होते. पेपरात तिने एकदाही 'मी' लिहिलं नव्हतं.

तिने सरांकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. झेरॉक्स पाहिल्यापासून माहीत होतं. ते चष्मा पुसत होते, पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसत होते.

"सर, तुम्ही मघाशीच का नाही बोललात?"

"तू तास बंद करून राह्यली होती. मधात काऊन बोलू?"

आयशा उभीच होती. चिठ्ठी तळहातावर घेऊन तिने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा रेवतीकडे.

"मॅडम, ही आता कोनापाशी द्यायची?"

रेवतीने पर्समध्ये हात घालून विभागाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली कपाटाची किल्ली वेगळी केली. झेरॉक्स खुर्चीवर तशीच राहिली. तिने चपला घातल्या, ओसरीची पायरी उतरली आणि भर उन्हात कॉलेजच्या रस्त्याला लागली.