आधी तू पी

डोंगराच्या पायथ्याशी उभी राहिले तेव्हा माझा देवावर पूर्ण भरवसा होता. शंका होती ती माझ्या पोरीच्या पायांवर. रेणू सोळा वर्षांची, पण लहानपणापासून तिला सिकलसेल. आमच्या भागात हा आजार सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नवख्यांसाठी सांगते. अंगात पाणी कमी पडलं किंवा फार दमणूक झाली की रक्त नीट वाहत नाही आणि सांधे असे ठणकतात की धडधाकट माणूसही किंचाळेल. मागच्या पावसाळ्यात ती दवाखान्यात पडली, तेव्हा डोळे उघडायलाही तयार नव्हती. मी तिथल्या बाकावर बसून महादेवाला म्हटलं, "माह्या पोरीले उभी कर. तिले तिच्या पायानं तुह्या डोंगरावर आणीन, अन् त्या दिवशी तुह्या माठातलं पाणी पेईपर्यंत तोंडात थेंब घेणार नाई." म्हणायचं होतं मनातल्या मनात, पण मी एस.टी.त कंडक्टर, आवाज कमी ठेवणं मला जमत नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजींनीही माझ्याबरोबर हात जोडले.

आलापल्लीच्या पुढं सागाचं जंगल दाट होत जातं, तिथं हा डोंगर आहे. वरच्या देवाला आम्ही महादेव म्हणतो. जंगलातल्या गावांतले लोक त्याला त्यांच्या नावानं हाक मारतात आणि त्यांच्या रीतीनं पूजतात. देवानं अजून कुणाचीच तक्रार केलेली नाही. देवाच्या बाजूला कातळातून पाणी थेंब थेंब गळतं आणि त्याखाली माठ ठेवलेला असतो. तो भरायला फार वेळ लागतो, म्हणून तिथली रीत अशी की आधीच्या माणसानं लावून ठेवलेल्या माठातलं पाणी देवाला घालायचं, उरलेलं आपण प्यायचं आणि रिकामा माठ मागून येणाऱ्यासाठी पुन्हा थेंबाखाली ठेवायचा. स्वतःसाठी तिथं कुणीच माठ भरत नाही. ही रीत मला लहानपणापासून माहीत होती, पण त्यात शिकण्यासारखं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं.

शिवरात्रीची गर्दी टाळून आम्ही चैत्रात गेलो. डॉक्टरबाईंनी परवानगी दिली होती, फक्त सकाळी लवकर चढा आणि पोरीला पाणी पाजत राहा, असं बजावलं होतं. ते मी इतकं मनावर घेतलं की दर वळणावर बाटली तिच्या तोंडाला लावत होते. "आई, मी काय इंजन हाव का सारखं पाणी टाकाले?" ती कुरकुरली. माझा उपास आहे एवढंच तिला माहीत होतं. तो पाण्याविना आहे हे मी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तिनं पायथ्याशीच भांडण काढलं असतं. पोर माझ्यावरच गेली आहे.

निम्म्या चढावर वाट फुटली. एक वाट सागाच्या वाळक्या पानांखाली झाकली गेली होती, दुसरी स्वच्छ, पायांनी मळलेली. रेणू म्हणाली, "आई, पानाच्या वाटेवर त्या झाडाले झेंडी बांधली हाय. हेच वाट दिसते." झेंडी होती खरी, विटून मातीच्या रंगाची झालेली. मी म्हटलं, "मले रस्ते नको शिकवू. माही जिंदगी रस्त्यावरच गेली." आणि मळलेल्या वाटेला लागले. पुष्कळ चालल्यावर ती वाट एका भल्यामोठ्या मोहाच्या झाडाखाली जाऊन संपली. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा झाडून ठेवतात. कुणाचं तरी कुटुंब रोज पहाटे तिथं येत असणार आणि त्यांच्याच पायांनी ती वाट मळली होती. मुक्कामाचं गाव समजून गाडी भलत्याच माणसाच्या अंगणात लावावी तशी माझी गत झाली.

ऊन चढलं होतं. दोन्ही बाटल्या रेणूला पाजून संपल्या होत्या. परत फिरायला म्हणून मी वळले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. बुंध्याला टेकून खालीच बसले. पाय माझेच होते, पण ऐकेनात. भीती वाटली ती माझी नाही. मी इथं पडले तर या उन्हात, पाण्यावाचून, या पोरीला खाली कोण नेईल? तिचे सांधे धरले तर? साऱ्या जन्मात मी देवाला नवस बोलले, जाब विचारला, दमसुद्धा दिला, पण तिथं पहिल्यांदा म्हटलं, "आता तूच पाह्य. मले काईच सुचून नाई राह्यलं."

थोड्या वेळानं झाडीतून एक म्हातारी बाई आली. डोक्यावर टोपली, खांद्याला पाण्याचा तुंबा, म्हणजे वाळवलेला पोकळ भोपळा. आम्हाला पाहून तिनं टोपली उतरवली, पानांचा द्रोण करून त्यात पाणी ओतलं आणि माझ्यापुढं धरून म्हणाली, "एर." गोंडीत एर म्हणजे पाणी. गाडीत बसणाऱ्या बायांकडून एवढा शब्द मी शिकले होते. मी रेणूकडं बोट दाखवलं. बाईनं रेणूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि द्रोण माझ्याच हातात ठेवला. मी तो रेणूपुढं केला.

रेणूनं तो घेतला नाही. "तू सकाळपासून एक घोट नाई पेली. काऊन?" मग सांगावंच लागलं. ऐकून ती माझ्यासमोर फतकल मारून बसली. "मंग मी बी नाई पेत."

"येडी झाली का, पोरी? तुले दुखन!"

"दुखू दे. तूच पडली तं मी वर कोनासंगं जाऊ? आधी तू पी."

नवस मोडला तर पोरीचं काय होईल, आणि नवस पाळला तर पोर माझ्या डोळ्यांदेखत सुकते. दोन्हीकडून तीच पणाला लागली होती. मी रडले, हे कबूल करायला मला लाज नाही. देव काय ते स्पष्ट सांगेल म्हणून वाट पाहिली. पण माझ्यापुढं होता फक्त एक द्रोण पाणी आणि एक हट्टी तोंड. मी डोळे मिटले आणि प्याले. दुसरा द्रोण रेणू प्याली. बाई ओतत राहिली आणि आम्ही आळीपाळीनं पीत राहिलो. माझे पाय पुन्हा माझं ऐकायला लागले तशी ती आम्हाला फाट्यापर्यंत घेऊन आली, हनुवटीनं झेंडीकडं खूण केली आणि मी हात जोडेपर्यंत पाठ फिरवून आपल्या फुलांकडं निघूनही गेली.

ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. मोह वेचणारी बाई होती आणि झाड तिचं होतं. पण मी चुकीची वाट धरली नसती तर ती भेटली नसती, आणि बरोबर वाटेवर त्या दिवशी वरपर्यंत आम्हाला एकही माणूस दिसला नाही.

पुढचा चढ रेणू पुढं आणि मी मागं असे चढलो. ती थांबली की मी थांबायचे, ती निघाली की निघायचे. कंडक्टरची घंटी आता जणू तिच्या हातात होती आणि खरं सांगते, मला फार हलकं वाटत होतं. वर माठ काठोकाठ भरलेला होता. देवापुढं उभी राहून म्हटलं, "अर्ध्या वाटेत पाणी पेली मी. शिक्षा द्याची तं मले दे." रेणूनं माठ उचलला, देवाला पाणी घातलं आणि उरलेल्यातलं माझ्या ओंजळीत ओतलं. ते पिताना माझ्या ध्यानात आलं. पोरीला इथं आणीन असं मी बोलले होते, आणि प्रत्यक्षात पोरीनं मला आणलं होतं. जिला उभी कर म्हणून मी रडले होते, तिला त्यानं एवढी उभी केली होती की माझाही भार तिनं पेलला. मी आणखी काय मागायचं?

रेणूनं रिकामा माठ थेंबाखाली नीट लावला आणि आम्ही उतरलो.

तिचा आजार गेलेला नाही. गोळ्या रोजच्या आहेत, कधी हात धरतो, कधी गुडघा. माझाही स्वभाव फारसा सुधारलेला नाही, हे डेपोतले लोक सांगतील. पण काळजीचं सगळं तिकीट मी एकटीनंच फाडायचं असतं, हा हेका मात्र सुटला. रोज सकाळी ड्यूटीवर निघताना मी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरते. ती तो दोन्ही हातांनी घेते आणि माझ्यापुढं धरते. "आधी तू पी."

मी निमूट पिते.