घरातली उलटतपासणी

तालुक्याच्या कोर्टात वीस वर्षं मी साक्षी टाइप केल्या. कायदा फारसा आला नाही, पण बोटांना एक गोष्ट कळायला लागली. प्रश्नानंतर बोटं कीबोर्डवर अधांतरी राहिली, म्हणजे साक्षीदार काहीतरी रचतोय. खरं बोलणारा लगेच बोलतो. हा नियम कोणत्याच पुस्तकात नाही. मी मात्र तो घरी घेऊन आलो.

बायको आधी फटाफट बोलणारी. माझं वाक्य अर्धं असतानाच तिचं उत्तर तयार. मागच्या उन्हाळ्यापासून ती थांबायला लागली.

"आज भाजी कायची?"

मी मांडीवर बोटं आपटत मोजलं. एक, दोन, तीन.

"वांग्याची."

आता वांग्यात लपवण्यासारखं काय असतं? पण संशय एकदा बसला की वांग्यालाही वकील लागतो.

मग मी पद्धतशीर कामाला लागलो. सकाळचाच प्रश्न संध्याकाळी फिरवून विचारायचा. "फोन कोणाचा होता वं?" चार बोटं. "दादाचा." दादा म्हणजे पुसदचा माझा मेहुणा. "काय म्हणे?" पाच बोटं. "काही नाही."

पाच बोटं घेऊन 'काही नाही'! मग पुरावा सापडला. तिच्या डाव्या चपलेचं पुढचं टोक घासून गेलं होतं. उजवी तशीच. म्हणजे मी कोर्टात असताना ही कुठंतरी लांब जाते. फक्त डाव्या पायानं कशी जाते, हा प्रश्न मला पडला नाही.

एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही मले काहून तपासून राह्यले? मी काय पिंजऱ्यात उभी हाय?" हे बोलायलाही तिला वेळ लागला, आणि मी तोही मोजला. त्यानंतर ती मानेनंच हो-नाही सांगायला लागली. मी समजलो, आरोपीनं मौन धरलं.

शेवटी मी छापा घातला. ती अंघोळीला गेल्यावर तिचा फोन उघडला. मेहुण्याचा मेसेज होता : 'मंगळवारी नागपूरले मेंदूच्या डॉक्टरकडे नंबर लावला. पायाचं बी दाखवू. भाऊजीले सांग आता.'

ती लपवत होती, हे खरंच निघालं. माझा नियम जिंकला. ती अंघोळीहून आली तेव्हा मी म्हणालो, "मंगळवारी नागपूरले मी येतो."

मंगळवारी मेहुण्याऐवजी मी गेलो. डॉक्टरांनी तिला एक कागद दिला. वर खुणा आणि त्यांचे आकडे. खाली नुसत्या खुणा. वेळ संपेपर्यंत प्रत्येकीखाली तिचा आकडा लिहायचा. बायकोचा अर्धाच कागद झाला. मी म्हणालो, "मलाही द्या, मी टायपिस्ट आहे." माझा जवळजवळ पूर्ण झाला. डॉक्टरांनी दोन्ही तपासले. "तुमचे सात चुकले. ताईंचा एकही नाही."

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या तारांवरचं आवरण खराब होतं, डॉक्टर म्हणाले, आणि एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला उशिरा पोचतो. उत्तर तिला ठाऊक असतं, यायला वेळ लागतो. डाव्या पायालाही निरोप उशिराच मिळतो, म्हणून तो घासतो. मला आमची एसटी आठवली. आर्णीहून यवतमाळचा रस्ता बंद पडला की ती दिग्रस-दारव्ह्यावरून फिरून येते. प्रवासी तेच, गाव तेच. आणि मी स्टँडवर उभा राहून ड्रायव्हरला चोर ठरवत होतो.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "आधी दादाले काहून सांगितलं? मले का नाही?"

ती थांबली. मांडीवरची बोटं मी दुसऱ्या हातानं दाबून धरली.

"तुम्ही पुरावा मागितला असता."

मग तीच म्हणाली, "एक खरं सांगा. मी काय लपवून राह्यली, असं वाटलं होतं तुम्हाले?"

खिडकीतून कपाशी मागे जात राहिली. कळंब आलं तरी माझं वाक्य आलं नव्हतं. खाली पाहिलं तर पदराआडून तिची बोटं तिच्या मांडीवर आपटत होती.

"दोन्ही हाताची बोटं कवाचीच सरली," ती म्हणाली. "तुमच्या कोर्टात याले काय म्हणतात?"

मग मी चपलेपासून सुरुवात केली. ती हसली नाही. मधे मी अडखळलो की एवढंच म्हणायची, "घ्या वेळ. यवतमाळ अजून दूर हाय."