अपिलात फिरलेला निकाल

पुण्यात कायद्याची पदवी घेऊन मी एलएलएम करायला जर्मनीत आले, तेव्हा आमच्या विभागात माझ्याखेरीज एकच मराठी माणूस होता. तो पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होता. मी त्याला दादा म्हणायचे. वहिनी एर्लांगेनला इंजिनिअर, म्हणून दोघं तिथे राहायची आणि हा रोज रिजनल ट्रेनने आमच्या विद्यापीठात यायचा. पहिल्या दिवशी स्टेशनवर मला घ्यायला तोच आला होता. माझी जड बॅग जिन्यावरून त्यानेच उतरवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी काही लपवलं असं पुढे कुणी म्हणायला नको.

त्याच्या शब्दावर मला त्याच्या मार्गदर्शक प्राध्यापक बाईंकडे हिवीचं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं काम मिळालं. दादाच्या प्रबंधात एक प्रकरण ब्रिटनवर होतं. घरोघर जेवण पोचवणाऱ्या रायडरला ॲपने परस्पर, कुणा माणसाने न बघता, कामावरून काढलं तर त्याने दाद कुठे मागायची? तिकडे यावर खटल्यामागून खटले उभे राहत होते. जर्मन विद्यार्थ्यांना कलमं वाचायची सवय, इंग्रजी पद्धतीचा लांबलचक निकाल दिसला की ते जांभया द्यायचे. मी असल्या निकालांवरच वाढलेली. दादालाही ते जमलं असतं, पण त्याला वेळ नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

सगळा हिवाळा मी त्यात घातला. निकाल वाचले, तुलना केली आणि शेवटी माझा मुद्दा मांडला: ज्या निर्णयाचं उत्तर द्यायला एकही माणूस पुढे येत नाही, त्याला कायद्याने निर्णय म्हणूच नये. एक्केचाळीस पानं झाली. दादा म्हणाला, "छान सारांश केलायस गं."

मार्चमध्ये लायब्ररीत एका नियतकालिकात मला माझी पानं भेटली. वर नाव त्याचं. परिच्छेदांचा क्रमसुद्धा बदललेला नव्हता. माझा उल्लेख तळटीपेतही नव्हता.

मेन्झात, म्हणजे आमच्या कँटीनमध्ये, मी त्याच्यासमोर जाऊन बसले. "दादा, हे माझं आहे."

"अगं, हिवीचं काम असंच असतं. मटेरियल तू गोळा केलंस, विचार माझा."

"विचार? ज्यावर हे सगळं उभं आहे तो खटला तुला माहीत तरी होता का?"

त्याने चमचा खाली ठेवला, आजूबाजूला पाहिलं. मराठी कळणारं तिथे कुणी नव्हतं, तरी आवाज उतरवून म्हणाला, "तुला इथे राहायचंय ना? उद्या शिफारसपत्र लागेल. तेव्हा, आल्झो, उगाच वाद घालू नकोस."

पुढच्या आठवड्यात सेमिनारमध्ये बाईंसमोर कुणीतरी त्या लेखाचं कौतुक केलं आणि मी काय मदत केली ते विचारलं. दादा हसत म्हणाला, "तिने टाइप केलं." सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. मीही हसले, आणि हसता हसताच ठरवलं की याला सोडायचं नाही.

कसं, ते मला मेमध्ये कळलं. त्याचा लेख आणि ते प्रकरण, दोन्ही एकाच ब्रिटिश निकालावर उभी होती. दर सोमवारी नवे निकाल चाळायचं काम माझं. एका सोमवारी पडद्यावर आलं की अपिलात तो निकाल फिरवलाय. पार उलटा. मी तो दोनदा वाचला आणि लॅपटॉप मिटला.

तीन आठवड्यांनी दादाला सर्वांसमोर प्रकरण मांडायचं होतं, बाहेरून एक परीक्षकही येणार होते. त्याने मला विचारलंही, "ब्रिटनमध्ये काही नवीन?"

"विशेष काही नाही," मी म्हणाले.

ते तीन आठवडे मी फार आनंदात काढले. आरशासमोर उभी राहून माझा प्रश्न जर्मनमध्ये घोकायचे, विभक्ती चुकू नये म्हणून. मधल्या एका रविवारी वहिनीने जेवायला बोलावलं. मी गेले. आमटी दोनदा वाढून घेतली.

त्या दिवशी दादाचं बोलणं संपलं तसा मी हात वर केला. "हा निकाल गेल्या महिन्यात अपिलात रद्द झालाय. मग तुमच्या प्रकरणात काय उरतं?"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मग दादा म्हणाला, "ते तपासायचं काम माझ्या हिवीचं होतं."

प्राध्यापक बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पण त्या फक्त टाइप करतात ना?"

इतकं गोड वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. मी माझी पानं आणि तारखांसकट सगळे ईमेल त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते शांतपणे वाचले. मग विचारलं, "अपिलाचं तुम्हाला कधी कळलं?"

"तीन आठवड्यांपूर्वी."

"गेनाऊ, बरोबर," त्या म्हणाल्या. "मला तेच वाटलं."

दादाचा लेख मागे घ्यावा लागला आणि प्रकरण पहिल्यापासून लिहावं लागलं. त्याचं वर्ष गेलं. माझं हिवीचं काम त्या महिन्यातच संपलं. बाई म्हणाल्या की त्यांना आता आम्हा दोघांपैकी कुणावरच विसंबता येणार नाही. शिफारसपत्र मी मागितलं नाही.

वहिनीचा फोन आला. "त्याने चोरी केली, मान्य. पण तू त्या रविवारी आमच्याकडे जेवलीस. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मग गप्प का बसलीस?"

"मला सगळ्यांसमोर त्याचा चेहरा बघायचा होता, वहिनी."

तिने फोन ठेवला. त्यानंतर कधी केला नाही.

आता मी डार्मश्टाटमध्ये एका कंपनीच्या कायदा विभागात आहे. दादाला पदवी मिळाली आणि त्याचा प्रबंध इंटरनेटवर आला, तेव्हा ब्रिटनचं प्रकरण मी छापून घेतलं. हातात लाल पेन घेऊन, कामावर जाता येता ट्रेनमध्ये एक एक तळटीप तपासली. एका ठिकाणी पानाचा क्रमांक चुकला होता, बाकी काही सापडलं नाही. अपिलाच्या निकालाला त्याने सरळ भिडून उत्तर दिलंय, आणि या वेळी मुद्दा त्याचा स्वतःचा आहे. चांगलं लिहिलंय. मला ते चांगलं निघायला नको होतं.