अस्तर चावतंय

पडदा वर गेला की प्रेक्षकांना राजवाडा दिसतो. आपण मात्र त्या राजवाड्याच्या पाठीमागे जाऊ, कपडेपटात. दोरीवर टांगलेले झगे, कोपऱ्यात शिलाई मशीन, आणि आरशासमोर राणीचा जरीचा अंगरखा घालून उभी असलेली बाई. ही राणी नव्हे, ही टाचणीमावशी! ओठांत टाचण्या धरूनच बोलते, म्हणून हे नाव. राणी होणाऱ्या नटीचं आणि हिचं माप एकच, त्यामुळे प्रत्येक पोशाख आधी मावशीच्या अंगावर चढायचा.

त्या दिवशी डाव्या बरगडीखाली आग आग झाली.

"अस्तर चावतंय गं," ती नटीला म्हणाली आणि अस्तर उसवून बसली. दुसरं लावलं, मऊसूत. तेही चावलं. मग कापडाची खळ धुऊन काढली. शेवटी अंगरखा खुंटीला लटकवला, तरी आग थांबेना.

"मावशी, खुंटीवरचा अंगरखा चावतो का कधी?" नटीनं तिचं पोलकं जरा वर करून पाहिलं. बरगडीवरून पाठीकडे फोडांचा पट्टा गेलेला. "चला आधी डॉक्टरकडे!"

"नागीण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहानपणी कांजिण्या आल्या असतील. तो विषाणू जात नाही, नसांत झोपून राहतो आणि उतारवयात कधीतरी जागा होतो. गोळ्या देते, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत यायला हवं होतं."

"तेव्हा मी अस्तर उसवत होते."

"घरात कुणी गरोदर आहे?"

"लेक. दिवस भरत आलेत. आमच्याच वरच्या मजल्यावर राहते."

"तिला कांजिण्या येऊन गेल्यात?"

मावशी आठवू लागली. दोन पोरांपैकी एकाला आल्या होत्या खऱ्या, पण ती तेव्हा नाटकाच्या दौऱ्यावर. सगळं जाऊबाईंनी निस्तरलं. आता मुलाला की मुलीला?

"नसतील आल्या, तर या फोडांतल्या पाण्यानं तिला होऊ शकतात, आणि बाळाला ते बरं नाही. फोड झाकून ठेवा, सगळ्या खपल्या धरेपर्यंत लांब राहा. तिचं रक्त तपासून घेऊ."

घरी नवरा छातीठोकपणे म्हणाला, "मुलाला आल्या होत्या. मी पाहिल्यात."

मुलगा फोनवर म्हणाला, "छे, तायडीला! मला गोवर होता."

जाऊबाई म्हणाल्या, "दोघांना आल्या असतील. नाहीतर कुणालाच नाही. ते जाऊ दे, नागिणीचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस संपतो म्हणे. जप गं बाई."

झालं! मावशी रोज उठून टेप घेऊन पट्टा मोजू लागली. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी टेपच काढून घेतली. "नागीण एकाच बाजूला राहते, पाठीच्या कण्याशी थांबते. मोजायचं ते कापड मोजा."

रिपोर्ट आला. लेकीला कांजिण्या कधीच आल्या नव्हत्या.

लेक जिन्यात येऊन उभी राहिली. "आई, नुसतं बघू तरी दे."

"तिथूनच बघ. एक पायरी उतरलीस तर टाचणी टोचीन!" मावशीनं दार लावलं, आणि त्याच दाराला पाठ टेकवायला गेली तर ती नेमकी ठणकली.

बाळ झालं, घरी आलं. ते वर रडायचं आणि मावशी खाली त्याचं झबलं शिवत बसायची. माप? अंदाजानं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच.

अखेर खपल्या वाळल्या. "आता बाळाला घ्या खुशाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पूर्ण बऱ्या झालात की लसही घ्या. यजमानांनाही द्या."

"झाल्यावर लस? म्हणजे प्रयोग संपल्यावर तालीम?"

"हा प्रयोग पुन्हा लागू शकतो, मावशी."

वरच्या दारात तिनं ओठांतल्या टाचण्या नवऱ्याच्या तळहातावर ठेवल्या. लेकीनं बाळ पुढे केलं. मावशीनं हात पसरले, मागे घेतले, पुन्हा पसरले. बाळ छातीशी आलं तशी ती सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत म्हणाली:

"याला कांजिण्या आल्या की कुणीतरी नीट लक्षात ठेवा रे. मला विचारू नका."