पाणी मारलेली पानं

आमच्या मळ्याच्या बांधावर अडुळशाचं कुंपण आहे. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून बाबांनी ते लावलं, आणि घरात कुणी खोकलं की त्याच पानांचा काढा. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. खोकल्यावर चालणारं या पानातलं अल्कलॉइड शुद्ध खड्यांच्या रूपात वेगळं काढायचं, हा विषय मी संशोधनाला घेतला, तेव्हा बाबांची फुफ्फुसं निकामी होत चालली होती. आई आधीच गेलेली, मळा बटईनं दिलेला. संग्रामपूरजवळच्या त्या घरात आम्ही दोघंच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

बाबांनी एकच मागितलं. "जिंदगीभर काढा पेलो माय. त्याच्यातलं औषध दिसते कसं, तेवढं मले दाखव."

कागदावर काम सोपं होतं. पानं ओसरीत सावलीला वाळवायची, कुटून मद्यार्कात भिजवायची, अर्क शुद्ध करत करत आटवायचा, की खडे. माझ्या भांड्यात मात्र दर वेळी तपकिरी चिकटा उरायचा. पाण्याचा अंश राहिला की मद्यार्क पानातली साखर, डिंक, नको ते सगळं सोबत ओढून आणतो आणि खडा काही धरत नाही. पाक कच्चा राहिला की वडी पडत नाही, तसंच. पाणी शोषणारी क्षाराची पूड शेवटी टाकायची, तर तिचाही भिजून गोळा व्हायचा. पाणी येत कुठून होतं? मद्यार्क विकणाऱ्याला मी फोनवर झाडलं, प्रयोगशाळेच्या खिडक्यांवर वैतागले, हवेला नावं ठेवली. पानांवर संशय आला नाही, कारण सकाळी उचलताना वरची पानं हाताला कोरडी लागायची.

एकदा तास झाले नाहीत म्हणून भर दुपारी घरी आले. बाबा खाटेवरून उतरून, भिंत धरत धरत ओसरीत येऊन बसले होते. तांब्यातलं पाणी बोटांनी पानांवर शिंपडत होते, खालची वर करत होते. बाजाराला न्यायच्या मेथीवर, पालकावर त्यांनी आयुष्यभर असंच पाणी मारलं. सुकलेला माल नेला की गिऱ्हाईक तोंड फिरवतं. आता लेकीचा माल डोळ्यांदेखत सुकत होता, तो त्यांना बघवेना.

मला राग आला. इतक्या दिवसांची मेहनत त्या तांब्यात गेली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. धाप लागलेली, पण चेहरा कितीतरी दिवसांनी मळ्यातल्यासारखा.

"पानं मान टाकून राह्यले होते," ते म्हणाले. "तू जाय निवांत. मी हावो ना घरी, पाहतो त्यायच्याकडं."

जेवायलाही न उठणारा माणूस या पानांसाठी उठत होता. मी आत गेले आणि चहा ठेवला.

त्यानंतर पाणी मारू नका असं मी कधीच म्हटलं नाही. ओसरीतली पानं त्यांच्याकडे राहू दिली आणि त्याच कुंपणाची दुसरी पानं कॉलेजात नेऊन पसरली. संध्याकाळी ते विचारायचे, जमलं का वं? मी म्हणायची, जमेल, तुमची पानं झकास आहेत. खोटं होतं, तरी बोलायची. कॉलेजातली पानं वाळायच्या आतच बाबा गेले. तांब्या खाटेखाली तसाच होता, अर्धा भरलेला.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. ओसरीत त्यांची पानं पडून होती. काळी पडलेली निवडून टाकली, उरलेली मुठीत धरली तर कुरकुरीत चुरा झाला. कॉलेजातल्या पानांना हातही न लावता मी हीच घेऊन गेले. या वेळी क्षाराची पूड तळाशी मोकळी राहिली. दुसऱ्या दिवशी भांड्याच्या कडेला पांढरे खडे धरलेले दिसले, भरपूर, स्वच्छ.

दार लावून मी रडले. बाबांना दाखवायचं ते समोर होतं, आणि मला तो तपकिरी चिकटा परत हवा होता.