गोणपाटाचं भाडं

बयाबाईंच्या चुलीवर चहाच्या आधी चिकटवायची खळ चढायची. बाशिंगं करणाऱ्या घराची तीच रीत. त्या दिवशीही सकाळी त्या कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून खळ ढवळत होत्या. त्यांचे यजमान तात्या ओसरीवर भेंडाच्या मऊ, हलक्या लाकडाचे पातळ काप काढत बसले होते. तात्यांची नजर अधू झाली होती, पण सुरी बोटांच्या अंदाजानं बरोबर चालायची. तेवढ्यात दारावर थाप पडली.

सांगलीच्या मोटारस्टँडवरचा हमाल गुंडा दारात उभा होता. डोक्यावर खोकं होतं, चार दिवसांपूर्वी सातारला पाठवलेलं.

“आवं, हे माघारी कसं आलं?”

“तिथल्या दुकानदारानं सोडवूनच घेतलं न्हाई. चिठ्ठी दिलीया.”

बयाबाई पलूसला चौथीपर्यंत शिकल्या होत्या. अक्षर लावत लावत त्यांनी वाचलं: ‘भाडे मालाच्या किमतीइतके झाले. सोमवारच्या तिथीपूर्वी माल रास्त भाड्याने यावा. अन्यथा यापुढे मुंबईची कागदी बाशिंगे मागवू.’

लढाई संपून वर्ष झालं होतं. पलटणीतून सुटून आलेल्या पोरांची लग्नं सातारला धडाक्यात लागत होती. या एका दुकानावर बयाबाईंचं अर्धं वर्ष निघायचं. सासूच्या हाताखाली अकराव्या वर्षी त्या बाशिंगावरचा भेंडाचा मोर करायला शिकल्या. तेव्हापासून त्यांच्या मोराला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आज नाव ठेवलं ते भाड्यानं.

खळ तशीच उतरवून त्या स्टँडवर गेल्या. पार्सलांचा कारकून चिंतामण वही लिहीत होता.

“चिंतामणराव, खोकं चार शेरांचं. पावतीवर भाडं साठ शेरांचं. बाकीचे छप्पन शेर कुणी घातले त्यात?”

“हवेनं,” चिंतामण म्हणाला. “तुमचं खोकं टपावर बसलं की तिथं दुसऱ्याचं पोतं बसत नाही. म्हणून हलका माल आता वजनावर नाही, मापावर घेतो. लांबी, रुंदी, उंची गुणायची. एका घनफुटाला पाच शेर धरायचे. तुमचं तीन, दोन, दोन. झाले बारा. बारा पाचे साठ.”

बयाबाईंनी हिशेब मनात पुन्हा गुणून पाहिला. राग होताच, पण बोलणं खोटं नव्हतं. बाजारात आपण दोन हात पसरून बसलो तर शेजारणीनं टोपली कुठं ठेवायची?

घरी येऊन त्यांनी खोकं उपसलं. बाशिंगांचे तुरे सोडवून वेगळे बांधले. एकाच्या पाठीत दुसरं बसवलं, मध्ये मऊ कागद घातला. तात्यांनी नवी पेटी ठोकली: दोन फूट लांब, दोन रुंद, एक उंच. बरोबर, रेघभर कमी ना जास्त.

“चार घनफूट, म्हंजे वीस शेर,” बयाबाई म्हणाल्या.

“सुताराच्या पोटची व्हतीस काय गं?” तात्या म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी चिंतामणनं पेटी घेतली नाही. उघडी पेटी टपावर चालत नाही, गोणपाट पाहिजेच, असा नवा नियम. बयाबाईंनी गोणपाट आणलं, दाभणानं चारी बाजू शिवल्या. मग त्यानं पट्टी लावली.

“दोन फूट एक इंच. धरले तीन. रुंदीलाही तीन. उंची एक फूट एक इंच, धरले दोन. अठरा घनफूट. नव्वद शेर.”

“कालच्या खोक्याहून ही पेटी ल्हान हाय का मोठी?”

“लहान.”

“आन् भाडं?”

“जास्त.” चिंतामणनं मान वर केली नाही. “फुटावर इंच चढला की पुढचा फूट धरायचा. मालकांचा नियम आहे.”

“त्यो इंच पेटीचा न्हाई. तुमीच लावा म्हणालेल्या गोणपाटाचा हाय.”

“पट्टी बाहेरूनच लागते, बाई.”

“पेटीला एकादशी धरायला लावा,” गुंडा म्हणाला. रांगेतले हसले.

बयाबाई हसल्या नाहीत. हवेचं भाडं त्यांना पटलं होतं, त्यासाठी दुपारभर पाठ मोडली होती. पण अडवलेल्या जागेचं भाडं घ्यावं. जी जागा त्यांच्या पेटीनं अडवलीच नाही, त्या चौदा फुटांचं कसलं? गोणपाटाची सक्ती करणारे हेच आणि त्याच्या जाडीवर पैसे लावणारेही हेच. आणि हा शहाणा माणूस, गणित इतकं चोख येणारा, अठराचा आकडा लिहिताना थबकतसुद्धा नाही. मोटार सुटायला अर्धा तास होता. सोमवार तीन दिवसांवर होता.

त्यांनी पेटी फळीवरून खाली ओढली, मांडी घालून तिथंच बसल्या आणि दाभणाच्या टोकानं शिवण उसवायला लागल्या. रांग थांबली. चिंतामणनं अखेर वर पाहिलं.

“हे काय चाललंय?”

शेवटचा टाका तुटला. गोणपाट बाजूला झालं. बयाबाईंनी आवाज चढवला नाही.

“आदी लाकडाला पट्टी लावा, चिंतामणराव. मग हितंच, तुमच्या देखत, गोणपाट शिवते मी. येवढंच करा.”