फोटोतलं ताट

दुबईकडची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही सोनं, उंट आणि ढगात घुसलेल्या इमारतींची वाट बघत असाल. माफ करा. या गोष्टीत मुगाची खिचडी आहे.

शारजात अल मजाजला मी काका-काकूंकडे राहतो. (नोकरी लागेपर्यंत, असं ठरलं होतं. नोकरी आता जुनी झाली.) काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. काका इथल्या ढोलपथकातले हुकमी वादक, आणि गणपती तोंडावर! डॉक्टर म्हणाले, "अंगात ताकद भरली तरच ढोल. डाएटिशियन मॅडम ओके म्हणू देत."

मॅडम केरळच्या. त्यांच्या हिंदीत प्रत्येक शब्द झोका घेऊन यायचा. (मी घरी हुबेहूब काढून दाखवायचो. गावच्या शाळेत मी हेडमास्तरांचा आवाज काढून आख्खा वर्ग घरी पाठवलाय!) "अंकल, रोज प्लेट का फोटो भेजना, हां!"

काकू घाबरली. "खिचडीचा वाडगा काय पाठवायचा? परकी बाई बघणार! म्हणेल, हिला ताट वाढता येत नाही."

मग काय! डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी. मधे भाताची मूद, तूप, पुऱ्या, श्रीखंड! फोटो गेला. ताट माझ्यापुढे आलं, काकांपुढे खिचडी. (अन्न टाकू नये, एवढाच माझा हेतू.)

मॅडमचा मेसेज आला. मी त्यांच्याच आवाजात वाचून दाखवला, "आंटी, बहोत ज्यादा है! आधा करो."

"एवढीशी खिचडी, ती पण जास्त?" म्हणत काकूने खिचडी अर्धी केली. ताट मात्र तसंच. उलट मॅडम रागावल्या म्हणून वर एक लाडू!

दुसऱ्या दिवशी मेसेज, "और कम करो!!"

खिचडी चार घासांवर आली. काका माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, "बंड्या, ही बाई माझ्यावर कसला सूड उगवतेय रे?"

"काका, सायन्स असतं ते," मी पुरी फोडत म्हणालो.

पण खरं सांगतो, मलाही कुतूहल वाटायला लागलं. पथ्य काकांचं, आणि पॅन्ट मला होईना! हे सायन्स चालतं तरी कसं?

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. मॅडमनी काटा बघितला, फोटो बघितले, परत काटा बघितला. रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून एकदम उत्सुकतेने म्हणाल्या, "इतना पूरी, इतना श्रीखंड, फिर भी वजन कम? अंकल, ये सब जाता कहां है?"

काकांनी सावकाश बोट माझ्या पोटाकडे केलं. मी श्वास आत ओढला. उपयोग झाला नाही.

"ये खाता है?"

"येच खाता है, मॅडम!" काकांनी चार बोटं नाचवली. "मेरेको सिर्फ खिचडी! वो भी चार घास!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, मैं वो प्लेट कम कर रही थी! खिचडी, दाल, दही पेटभर दो, आंटी. और फोटो उसी का!"

"और ढोल?"

"ठीक से खाया तो इन्शाल्ला बजाएंगे."

पार्किंगमध्ये माझा निकाल लागला. "गधड्या," काका कडाडले, "इथे माझा ढोल हातचा चालला होता आणि तू पुऱ्या हाणत होतास?"

काकू तर रडकुंडीलाच आली. "मला मेलीला नाही सुचलं. पण मेसेज तूच वाचून दाखवायचास ना? सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"होतं की गं काकू," मी म्हणालो, "पण ते तू रिकामं कधी ठेवलंस?"